पालकात लोह किती?

मानवी पोषण हा विषय घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थिनीच्या पिशवीत (विद्यार्थी या वर्गात क्वचितच दिसतात) एक पुस्तक हमखास सापडते. ते म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने काढलेले 'न्यूट्रिटिव्ह व्हॅल्यू ऑफ इंडियन फूड्स'. गोपालन, रामशास्त्री आणि बालसुब्रमण्यन ही लेखकांची नावे. पुस्तकाचे मूळ मात्र त्यांच्याही आधीचे आहे. १९३७ साली निलगिरीतील कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून एक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची एक पुस्तिका काढली होती. तिचीच ही वाढलेली वंशावळ. १९७१ साली ते नव्या रूपात आले आणि १९८९ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. पुढे २०१७ साली त्याच संस्थेने 'इंडियन फूड कॉम्पोझिशन टेबल्स' हा पूर्णपणे नवा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ पदार्थांचे नव्याने पृथक्करण केलेले आहे.

हे काम मोठे आहे आणि प्रामाणिकपणे केलेले आहे. तक्रार आहे ती या पुस्तकांच्या वर्गातील वापराबद्दल. पदवीच्या प्रात्यक्षिक वह्या चाळल्या, तर पानोपानी एकच उद्योग दिसतो. 'बैठे काम करणारी प्रौढ स्त्री', 'गर्भवती', 'मधुमेही गृहस्थ' असे शीर्षक द्यायचे, दिवसभराचे पदार्थ लिहायचे, तक्त्यातून आकडे उतरवायचे, बेरीज करायची आणि ती शिफारशीच्या आकड्याशी जुळली की खाली सही घ्यायची. लॉगॅरिदमचा तक्ता जसा वापरतात तसा हा तक्ता वापरला जातो. पण दोनचा लॉग कोणत्याही आवृत्तीत ०.३०१० च असतो. पालकातल्या लोहाचे तसे नाही.

जुन्या आवृत्त्यांत १०० ग्रॅम पालकात १०.९ मिलिग्रॅम लोह दिलेले होते. सुधारित आवृत्तीत ते १.१४ झाले. २०१७ च्या ग्रंथात ते २.९५ आहे. पोह्यांसमोर जुन्या पुस्तकात २० मिलिग्रॅम छापलेले होते, नव्यात ४.४६ आहे. 'पोहे खा, लोह मिळेल' हा आपल्याकडचा लाडका सल्ला त्या २० वरच उभा आहे. तो आकडा पाठ्यपुस्तकांतून, आरोग्य-पत्रकांतून आणि आहारतज्ज्ञांच्या कागदांतून इतका फिरला आहे की आता त्याचा उगम कोणी विचारत नाही.

मग आधीच्या शास्त्रज्ञांनी चूक केली का? इतक्या सोप्या शब्दांत याचे उत्तर देता येत नाही, आणि नेमके इथेच शिकवण्यासारखे बरेच काही आहे. मातीत वजनाने चार-पाच टक्के लोह असणे ही सामान्य गोष्ट आहे. आपल्या बेसाल्टपासून झालेल्या जमिनींत ते त्याहूनही जास्त असू शकते. आता १०० ग्रॅम पालकाच्या पानांवर ०.१ ग्रॅम, म्हणजे चिमटीत जेमतेम येईल एवढी माती राहिली, असे धरू. पाच टक्क्यांच्या हिशेबाने तिच्यात ५ मिलिग्रॅम लोह झाले. पानात स्वतःचे असेल त्याहून हे अधिक! याचा अर्थ, भाजी किती वेळा आणि कोणत्या पाण्याने धुतली यावर तक्त्यातला आकडा दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. शिवाय मातीतून आलेल्या लोहाचा शरीराला फारसा उपयोग नाही. पोह्यांच्या बाबतीत भाताला प्रक्रियेत लोखंडाचा किती स्पर्श झाला, हा प्रश्न येतो. त्यात पृथक्करणाच्या पद्धती बदलल्या. पालकाचे वाण, जमीन, हंगाम हेही बदलणारच. म्हणून तर नव्या ग्रंथात सरासरीसोबत विचलनही छापलेले आहे. मी पाहिलेल्या एकाही वहीत तो '±' नंतरचा आकडा कोणी उतरवून घेतलेला नव्हता.

प्रथिनांचा रकाना असाच. विद्यार्थिनींना वाटते की कोणीतरी प्रथिन वेगळे काढून तोलले. प्रत्यक्षात मोजला जातो नायट्रोजन. योहान केल्डाल यांनी १८८३ साली ही पद्धत बसवली ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअरच्या कारखान्याच्या पदरी. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून आलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणतात. भातासाठी हा गुणक ५.९५ आणि दुधासाठी ६.३८ वापरतात. नायट्रोजन कोठून आला हे मात्र या पद्धतीला कळत नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळले गेले ते याच आंधळेपणाचा फायदा घेऊन. मेलामाइनचे सूत्र C₃H₆N₆, रेणुभार १२६, त्यातला नायट्रोजन ८४, म्हणजे दोन-तृतीयांश. एक ग्रॅम मेलामाइन या पद्धतीने चार ग्रॅमहून अधिक 'प्रथिन' दाखवते. लहान मुलांच्या मूत्रपिंडांत खडे झाले, काही मुले दगावली. अकरावीच्या रसायनशास्त्रात बसणारा हा हिशेब पोषणशास्त्राच्या पदवीधराला आला नाही तर कोणाला यावा?

उष्मांकांचे ४-९-४ हे गुणकही अमेरिकेत अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरवलेल्या सरासरी आहेत. २०१२ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी माणसांना अख्खे बदाम खाऊ घालून मोजले, तर सुमारे २८ ग्रॅम बदामांतून १७० ऐवजी १२९ कॅलरीच हाती लागल्या. बाकीची चरबी न फुटलेल्या पेशींतून तशीच बाहेर पडली.

आता तक्त्याच्या दुसऱ्या बाजूकडे, शिफारशीच्या आकड्याकडे येऊ. सर्वांत मोठा गोंधळ येथे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या अहवालानुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. पण त्याच अहवालात सरासरी गरज १५ मिलिग्रॅम दिलेली आहे. २९ हा आकडा जवळजवळ सर्व (सुमारे ९७.५ टक्के) निरोगी स्त्रियांची गरज भागावी म्हणून मुद्दाम वर ठेवलेला आहे. रोज १८ मिलिग्रॅम घेणाऱ्या बाईपुढे आपली विद्यार्थिनी 'कमतरता' असे लिहून मोकळी होते. वास्तविक त्या बाईची गरज भागत नसण्याची शक्यता निम्म्याहून कमी आहे. उष्मांकांच्या बाबतीत तर असा वरचा आकडा घेतच नाहीत, सरासरीच घेतात. कारण जादा उष्मांक अंगावर चढतात. एकाच कागदावर शेजारी-शेजारी बसलेल्या दोन आकड्यांचे अर्थ इतके वेगळे आहेत.

या प्रश्नावर जगाचे लक्ष वेधणारा एक वाद आपल्या पुण्यात झाला, हे किती शिक्षकांना ठाऊक असेल? वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची रेषा माणशी रोज २२५० कॅलरींच्या आधारे आखली. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले, रोमच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभाग सांभाळून पुण्यास आलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी तिला हरकत घेतली. गरज हा ठरलेला आकडा नव्हेच, असे त्यांचे म्हणणे. एकाच निरोगी माणसाचा आहार आठवड्या-आठवड्याला कमी-जास्त होतो आणि तरी वजन टिकते. तेव्हा सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी कसा? रेषा सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून आखा. दांडेकरांनी १९८१ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त या मांडणीला उत्तर दिले. कमी अन्नाशी शरीर जुळवून घेते असे म्हणणाऱ्यांना गोपालन यांनी वेगळ्या बाजूने विरोध केला: शरीर जुळवून घेते ते फुकट नव्हे, त्याची किंमत वाढ आणि काम यांत मोजावी लागते. हेच ते तक्त्यांच्या मुखपृष्ठावरचे गोपालन! मला स्वतःला या मुद्द्यावर गोपालन पटतात. पण सुखात्म्यांचा प्रश्न न समजता ते पटणे निरर्थक आहे. देशातील किती कोटी लोकांना उपाशी म्हणायचे हे ज्या वादावर अवलंबून होते, त्याला पदवीच्या तीन वर्षांत एक तासही मिळू नये, हे मला अनाकलनीय वाटते.

पुण्याच्याच के.ई.एम. रुग्णालयाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास केला. त्यांच्या आहारातील एकूण उष्मांक व प्रथिने आणि बाळाचे जन्मवजन यांत ठळक संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाल्ले याच्याशी. बेरजेत न दिसलेली गोष्ट पदार्थांची वारंवारता विचारल्यावर दिसली.

हे शिकवायला महागडी उपकरणे लागत नाहीत. एकाच दिवसाचा आहार जुन्या आणि नव्या दोन्ही तक्त्यांवरून काढायला सांगावा आणि फरकाची कारणे लिहून घ्यावीत. पाच घरांतल्या 'मध्यम पोळ्या' तोलायला लावाव्यात. त्यांतला फरक पाहून बेरजेतील दशांश चिन्हानंतरचे आकडे आपोआप गळून पडतील. त्याच बाईला 'काल काय खाल्ले' असे दोन वेगवेगळ्या दिवशी विचारावे आणि उत्तरे शेजारी-शेजारी ठेवावीत.

स्वयंपाकाचा विषय म्हणून पोषणशास्त्राकडे नाक मुरडणारे विज्ञानशिक्षक पुष्कळ आहेत, आणि हुशार मुलीने त्यापेक्षा रसायनशास्त्र घ्यावे असे ते सुचवतात. विषयाला रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र या दोन्हींची जेवढी भूक आहे तेवढी फार थोड्या पदवी विषयांना असेल. म्हणून त्यांचा हा सल्ला उलटा आहे. ज्या विद्यार्थ्याला गणिताची भीती नाही त्याला या विषयाकडे जरूर पाठवावे. मात्र प्रवेशापूर्वी त्याने तो विभाग एकदा पाहून यावा. नायट्रोजन मोजायचे उपकरण टेबलावर आहे की कपाटात कुलपाआड, ते पाहावे. आणि एखादी प्रात्यक्षिक वही मागून तीत पोह्यांसमोर २० लिहिले आहे की ४.४६, तेही पाहावे.