‘सक्ती’ कोणावर? शिक्षणहक्क अधिनियमाच्या भाषेचा विचार

‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९’ ह्या नावात ‘सक्ती’ व ‘हक्क’ हे दोन शब्द जवळजवळ आले आहेत. ज्याला हक्क आहे त्याच्यावर सक्ती कशी, असा प्रश्न मराठी वाचकास सहजच पडावा. त्याचे उत्तर अधिनियमातच आहे. परंतु ते आपल्या शासनव्यवहाराच्या मराठीत अद्याप उतरलेले नाही, आणि हे केवळ शब्दांचे न्यून नव्हे, असे येथे दाखवावयाचे आहे.

‘सक्ती’ ह्या शब्दाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात निदान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानेही सक्तीचेच तत्त्व स्वीकारले. ह्या दोन्ही व्यवस्थांत मुलाला शाळेत न धाडणारा पालक दंडास पात्र ठरे. साहजिकच सक्ती म्हणजे पालकावरची सक्ती, हा अर्थ भाषेत रुजला.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या अधिनियमाने हा अर्थ फिरविला. त्याच्या आठव्या कलमातील स्पष्टीकरणानुसार सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत प्राथमिक शिक्षण देणे, आणि त्याचा प्रवेश, उपस्थिती व शिक्षणाची पूर्तता यांची निश्चिती करणे, हे शासनाचे बंधन होय. दहाव्या कलमात पालकाचे कर्तव्य सांगितले आहे, पण दंड सांगितलेला नाही. नवव्या कलमाने स्थलांतरित कुटुंबांतील बालकांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. सक्ती आता शासनावर आहे. अधिनियमाचे खरे मोल ह्या अर्थांतरात आहे.

आता व्यवहाराची भाषा पाहावी. मूल ‘शाळाबाह्य’ असते, ते ‘गळते’, ते ‘गैरहजर राहते’. तिन्ही प्रयोगांत मूलच कर्तेपदी आहे. शासन वाक्यात कोठेही नाही. पनवेल तालुक्यातील डोंगरपायथ्याच्या वाड्यांतून अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडी परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. म्हणजे वर्षाचा मोठा भाग मूल पटावर असते, वर्गात नसते. उचलीने बांधलेल्या आईबापांनी त्याला मागे ठेवावे तरी कोणापाशी? हंगामी वसतिगृहे, शिक्षण हमी पत्रक हे शासनाने योजिलेले उपाय योग्य दिशेचेच आहेत. तथापि पत्रक मुलाच्या हाती देणे निराळे आणि भट्टीजवळच्या शाळेने मुलाला शोधून आणणे निराळे. पहिल्यात शाळा शोधण्याचे काम पुन्हा मुलावरच येऊन पडते.

शब्द बदलल्याने शाळा उभ्या राहत नाहीत, असा आक्षेप कोणी घेईल. तो मान्य करूनही असे म्हणता येईल की, ‘मूल का आले नाही?’ आणि ‘मुलापर्यंत कोण पोहोचले नाही?’ ह्या दोन प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या माणसांना द्यावी लागतात. हक्क कोणाविरुद्ध मागावयाचा, हे दुसऱ्याच प्रश्नातून कळते.

अधिनियमाचा एक दोषही नोंदविला पाहिजे. एकोणतिसाव्या कलमात शिक्षणाचे माध्यम बालकाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे; पण व्यवहार्य असेल तेथवरच, ह्या अटीने शासनाची सुटकाही करून ठेविली आहे. पनवेल, उरण, पेण ह्या भागांतील आगरी बोलीत ‘ळ’ च्या जागी ‘ल’, ‘ण’ च्या जागी ‘न’ आणि शब्दामधल्या ‘ड’ च्या जागी ‘र’ येतो. ‘शाला’, ‘पानी’, ‘गारी’ असे लिहिणारे मूल नियम मोडीत नाही. आपल्या बोलीचा नियम ते काटेकोरपणे पाळीत असते. त्यातील ‘शाला’ हे तर संस्कृतातलेच रूप! तरीही पाटीवर फुली पडते. कातकरी मुलाची घरची बोली प्रमाण मराठीपासून ह्याहूनही दूर असल्याने त्याच्या वाट्याला अधिक फुल्या येतात, आणि येथेही चुकीचा कर्ता तेच ठरते.

हजेरीपटात दीर्घ गैरहजेरीच्या नोंदीपुढे त्या बालकासाठी कोणत्या प्राधिकरणाने काय केले, हे लिहिण्याचा एक रकाना असावा. पहिल्या दोन इयत्तांत बोलीतील रूपांना चूक न मानता त्यांच्या आधारे प्रमाण रूपे शिकवावीत, आणि त्यासाठी शिक्षकाला त्या बोलीचे प्राथमिक वर्णन उपलब्ध करून द्यावे. हे शेवटचे काम विद्यापीठांच्या भाषाविभागांचे आहे. ते शासनाकडे बोट दाखवून टाळता येणार नाही.