पुस्तकातली क्षेत्रभेट

शाळेच्या वेळापत्रकात भूगोल म्हणजे पानातली लिंबाची फोड. रीत म्हणून वाढायची. पिळलीच पाहिजे असा कोणाचा आग्रह नसतो. 2020 साली दहावीचा भूगोलाचा पेपर करोनाच्या साथीत आधी लांबला, मग रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीने त्याचे गुण भरून काढले गेले. त्या संकटात दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. पण एकाही पालकाने त्याबद्दल हळहळ व्यक्त केल्याचे मला आठवत नाही.

दोष पुस्तकाचा म्हणावा, तर 2018 साली दहावीला आलेले ‘बालभारती’चे भूगोलाचे पुस्तक मुळीच वाईट नाही. भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून त्यांची भूमी, हवामान, लोकसंख्या ताडून पाहण्याची कल्पना मोठी चांगली. त्याहून चांगला पहिलाच पाठ, ‘क्षेत्रभेट’. नळदुर्गची मुले अलिबागच्या सहलीला निघतात. पठार मागे पडते, घाट उतरतो, समुद्र येतो. भूगोल गाडीच्या खिडकीतून शिकायचा असतो, हे ज्यांना सुचले त्या लेखकमंडळाला माझा नमस्कार.

माझी तक्रार पुढची आहे. पाठ संपतो आणि स्वाध्याय सुरू होतो: क्षेत्रभेटीची आवश्यकता स्पष्ट करा. बाजारातल्या मार्गदर्शकात उत्तर तयारच असते. सोबत काय न्यावे म्हणून विचारले, तर टोपी, नोंदवही, होकायंत्र ही यादी मुले घडाघडा लिहितात आणि पुरे गुण मिळवतात. वर्गाबाहेर मात्र पाऊल पडत नाही. काठावर बसून पोहण्याचे फायदे लिहिणाऱ्याला पोहता येते असे आपण समजतो का?

मी शिकवतो अंधेरीत. येथे क्षेत्रभेटीला अलिबाग गाठण्याची गरज नाही. स्टेशनच्या पश्चिमेला गिल्बर्ट हिल उभी आहे. सुमारे 200 फूट उंचीचा सरळसोट काळा कातळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना आकसला, त्याला उभ्या भेगा गेल्या आणि खांबांची ही जुडी तयार झाली. भोवतालचा दगड खाणींनी फोडून नेला. आता पायथ्याशी वस्ती आणि माथ्यावर गावदेवीचे देऊळ. ‘बेसाल्ट’ हा शब्द माझ्या मुलांना पाठ होता. तो पाहिला आहे का, असे विचारले तेव्हा वर्ग गप्प. देवीचा डोंगर मात्र सर्वांना ठाऊक. तो देवीचा खराच. पण सह्याद्रीचा भाऊबंदही आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

पूर्वेला मिठी नदी. विहार आणि पवई तलावांचे सांडवा ओलांडलेले पाणी घेऊन ती मरोळ, कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीला मिळते. ॲमेझॉन कोणत्या पर्वतात उगम पावते हे बिनचूक सांगणारी मरोळची एक मुलगी मिठीला ‘नाला’च म्हणत होती. मला वाटते, येथेच खरे नुकसान आहे. नाला म्हटला की त्यात कचरा टाकताना हात अडखळत नाही, भराव घालून त्याची वाट अडवताना कोणाला पाप वाटत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा नव्हता. एकाच शहरात असे का झाले, पाणी कोणाच्या घरात शिरले आणि कोठून आले, यापेक्षा चांगला भूगोलाचा प्रश्न मी तरी काढू शकत नाही. पण प्रश्नपत्रिकेत तो येत नाही, म्हणून वर्गातही येत नाही.

अडचणी मला ठाऊक आहेत: साठ मुले, रहदारी, पालकांची संमती, अपुरा राहणारा अभ्यासक्रम. तरीही भूगोलाच्या 40 गुणांपैकी पाच गुण आपल्या गावच्या एका टेकडीला आणि एका ओढ्याला द्यावेत. नकाशा मुलाने स्वतः चालून काढावा. चुकला तरी चालेल.

या दिवसांत आमच्या चाळीच्या अंगणात मुले किल्ला करतात. परवा एका पोराने तटाखाली खंदक खणला, तांब्याभर पाणी ओतले आणि ते कुठे जाते ते उकिडवे बसून पाहत राहिला. पाणी भलतीकडे वळले. त्याने माती उकरली आणि पुन्हा ओतले. सुटी संपली की तो माझ्या वर्गात येईल, आणि मी त्याला क्षेत्रभेटीचे महत्त्व लिहून देईन.