आठवड्याला हजार

कोलकात्यात एस्प्लनेडला उतरून चौरंगी स्क्वेअरकडे वळलं की ‘स्टेट्समन हाऊस’ची पांढरी, खांबांची इमारत दिसते. मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’ उभा करणाऱ्या रॉबर्ट नाइटनेच पुढे १८७५ मध्ये कोलकात्यात हे पत्र काढलं. म्हणजे आपली थोडी सोयरीक आहेच. पण मला बोलायचंय ते त्यातल्या एका अग्रलेखाविषयी, आणि त्याच्याही पहिल्या दोन-तीन वाक्यांविषयी. तारीख १६ ऑक्टोबर १९४३. मथळा ‘द डेथ-रोल’.

बंगालमध्ये तेव्हा माणसं भुकेने मरत होती आणि सरकार दुष्काळ जाहीर करत नव्हतं. जाहीर केला की फॅमिन कोड लागू होतो आणि मदतीची जबाबदारी अंगावर येते. (१८९६ च्या दुष्काळात टिळकांनी हाच कोड शेतकऱ्यांना उलगडून सांगितला होता.) ‘स्टेट्समन’चे संपादक इयन स्टीफन्स जातीचे इंग्रज, पत्र इंग्रजांच्या मालकीचं. तरी २२ ऑगस्टच्या रविवारी त्यांनी फुटपाथवर मरून पडलेल्या माणसांची छायाचित्रं छापली. त्यांचा गाजावाजा पुष्कळ झाला. अग्रलेख मात्र मागे पडला, आणि मला तोच जास्त धारदार वाटतो.

आधी मथळा. रोल म्हणजे यादी, हजेरीपट. युद्धाच्या काळात इंग्रजी वाचकाला रोल म्हटलं की धारातीर्थी पडलेल्या सैनिकांची नावं आठवायची. इथे पट आहे, नावं नाहीत. नुसता आकडा आहे, आणि भांडण त्या आकड्याचंच आहे.

भारतमंत्री लिओ अ‍ॅमरी यांनी गुरुवारी पार्लमेंटमध्ये सांगितलं होतं की, बंगालात आठवड्याला सुमारे हजार माणसं दगावतात असं आपल्याला समजतं, कदाचित जास्तही असतील. संपादक सुरुवातीलाच म्हणतात की, या गृहस्थांना मिळालेली माहिती चमत्कारिक रीतीने चुकीची दिसते. ‘खोटं बोलले’ असं कुठेही नाही. लगेच पुढे एक पुस्ती आहे: तारेने आलेल्या बातमीत त्यांच्यावर अन्याय झाला नसेल तर. मंत्र्याला पळवाट दिली, असं क्षणभर वाटतं. पण त्या वाटेने निघायचं तर ‘मी असं बोललोच नाही’ म्हणावं लागणार!

मग येतो एक कंस, आणि माझ्या मते सगळ्या अग्रलेखाचा जीव त्यात आहे. हे मृत्यू बहुधा उपासमारीचे असावेत, एवढंच संपादक कंसात टाकतात. जो शब्द टाळायला सरकारने एवढा आटापिटा केला, तो इथे चोरपावलांनी येऊन बसतो. तोही ‘बहुधा’चा पदर डोक्यावर घेऊन.

पुढचा वार तितकाच मऊ. सर्वांना उघड मिळणारी माहितीच सांगते की खरा आकडा याहून कितीतरी मोठा आहे. आणि मंत्र्यांच्या थोर कचेरीला तो शोधून काढायची साधनं भरपूर असायला हवीत. ‘थोर’ या विशेषणाला किती धार आहे, ते मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही. चौरंगीवरच्या एका संपादकाला जे रोजच्या कागदपत्रांतून कळतं, ते व्हाइटहॉलला कळत नसेल तर दोनच शक्यता उरतात, आणि त्या वाचकाने आपापल्या मनात पुऱ्या करायच्या.

मराठी वाचकाला इथे ‘केसरी’चा १८९७ चा अग्रलेख आठवणारच, सरकारचं डोकं ठिकाणावर आहे का, असं मथळ्यातच विचारणारा. तो रोखठोकपणा छाती पुढे काढून आलेला. स्टीफन्स यांचा टोपी काढून येतो, बसतो, आणि फक्त हिशेब विचारतो. पण एक फरक विसरायचा नाही. टिळक तुरुंगात गेले, स्टीफन्स गेले नाहीत. राज्यकर्त्यांच्याच भाऊबंदाला हा नम्रपणा परवडत होता. शिवाय छायाचित्रं छापेपर्यंत बंगालात माणसं महिनोन्महिने मरतच होती. पत्राला उशीर झालाच होता.

अग्रलेखानंतर चार दिवसांनी वेव्हेल व्हाइसरॉय झाले, आठवड्याभरात कोलकात्याला आले आणि मदतीसाठी लष्कर कामाला लागलं. १९४५ मध्ये वुडहेड आयोगाने मृतांचा आकडा पंधरा लाखांच्या आसपास धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांपर्यंत नेला. आयोगाचाच आकडा घेतला, तरी मंत्र्यांच्या हिशेबाने तेवढी माणसं मरायला जवळपास एकोणतीस वर्षं लागली असती.