खंडोबाचे जागरण : विधी, नाट्य आणि मुरळीचे स्थान

खंडोबाच्या उपासनेचा विचार मराठी संशोधनात प्रामुख्याने दैवताच्या अंगाने झाला. रा. चिं. ढेरे यांनी या दैवताची जडणघडण उलगडली. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरादी पशुपालक समाजांशी असलेले त्याचे नाते दाखवून दिले. त्यामुळे मणि-मल्लांचा संहार करणाऱ्या पुराणोक्त मार्तंडभैरवापलीकडचा लोकदेव अभ्यासकांसमोर आला. मात्र जागरण या विधिनाट्याच्या वाट्याला बहुधा गीतसंकलनच आले. पदे छापली गेली. ती कोणापुढे, कोणत्या क्षणी म्हटली जातात हे गळून पडले.

जागरण लग्नानंतर किंवा नवसपूर्तीसाठी घरात होते. उसाच्या अथवा ज्वारीच्या धाटांचा मखर, चौक, घट, भंडारा आणि पेटती दिवटी यांनी अंगणाचे देवस्थान होते. नाना देवतांना जागरणाला येण्याचे आवाहन केले जाते. म्हणजे देव येथे विषय आहे, तसाच पाहुणा आणि श्रोताही आहे. दिमडी-तुणतुण्याच्या साथीने म्हाळसा-बाणाईचे भांडण रंगते, तेव्हा वाण्याची लेक धनगरणीला हिणवते आणि धनगरीण सडेतोड उत्तर देते. जातींतील अंतर देवाच्या संसारात आणून त्यावर देवासमोरच हसण्याची ही सोय आहे. केवळ ‘विनोदी भाग’ म्हणून त्याची बोळवण करणे अन्यायाचे ठरेल. रंगमंचीय लोककला महोत्सवात हेच भांडण पंधरा मिनिटांत आटोपते, आणि लंगर तोडणे, जे मुळात व्रताचे अंग, ते ताकदीचा खेळ होऊन टाळ्या घेते. (तळी भरण्याला तर तेथे वेळच नसतो.)

खरी अडचण मुरळीची आहे. नवसाने देवाला वाहिलेली आणि देवाशीच लग्न लावलेली मुलगी म्हणजे मुरळी. तिला भक्तीचे प्रतीक मानणारे लेखन तिच्या संमतीचा प्रश्न विचारत नाही. तिला निव्वळ बळी मानणारे लेखन तिच्या गळ्यातील आणि पायांतील कला ऐकत-पाहत नाही. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात 1934 मध्ये आणि महाराष्ट्रात 2005 मध्ये कायदा झाला. अशा वाहण्याला विरोध योग्यच होता. त्याबाबत परंपरेच्या नावाने सवलत मागणे समर्थनीय नाही. पण कायद्याने प्रथा रोखली म्हणून जागरणातील मुरळीची जागा रिकामी झाली नाही. आज अनेक जागरण पार्ट्यांमध्ये देवाला न वाहिलेल्या स्त्रिया मानधन घेऊन ही भूमिका करतात. घाटी वाजवत त्या चौकापुढे नाचतात आणि घरातील वडीलधारी माणसे त्यांना भंडारा लावतात.

हा भंडारा कलावंताला लागतो की देवाच्या अर्धांगिनीला? यजमान कुटुंब असा भेद करीत नाही. पार्टीतील स्त्री मात्र पहाटे बिदागी मोजून घेते आणि पुढच्या गावची सुपारी ठरवते. गीतांच्या संग्रहात या दोन्ही गोष्टींना जागा नाही. मुरळीविषयीच्या समीक्षेने तरी त्या दोन्हींची एकत्र नोंद घ्यावयास हवी.