टक्केवारीतला मुलगा आणि आत्मकथनातला मुलगा

‘असर’चा 2023 सालचा अहवाल मी समीक्षेसाठी घेतो याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपली आत्मकथने ज्या शाळेतून निघाली, त्या शाळेविषयीच हा मजकूर आहे. ग्रामीण भागातील 14 ते 18 वयाच्या मुलामुलींपुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवला. चौघांतल्या एकाला तो आपल्या प्रादेशिक भाषेत धड वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे 43 टक्क्यांनाच जमले. आणि यांतली जवळपास 87 टक्के मुले कुठे ना कुठे पटावर आहेत!

ठळक आकड्यांत मुलगा-मुलगी वेगळी मोजली आहेत. जात नाही. वाचता न येणारा तो चौथा कोणत्या वस्तीतला, हे अहवाल सांगत नाही. ‘आठवणींचे पक्षी’ (1979), ‘उपरा’ (1980), ‘उचल्या’ (1987) ही पुस्तके नेमके तेच सांगतात. म्हणून ती अहवालाहून मोठी.

पण एक कबुली आपणही द्यायला हवी. आपल्या समीक्षेने वर्गातला अपमान मोजला आणि तो मोजायलाच हवा होता; त्या वर्गात पोराला काय आले, हे मात्र आपण फारसे विचारले नाही. शिवाय आत्मकथन लिहिले ते तरलेल्याने. त्याच बाकावरचा जो बुडाला, त्याच्या हाती लेखणी आलीच नाही. जोतीरावांनी 1882 साली हंटर आयोगापुढे केवळ सक्ती मागितली नव्हती. मास्तर कोणत्या समाजातला असावा, त्याला काय शिकवलेले असावे, मोडी-बाळबोध, हिशेब, शेतीचे ज्ञान, हे सगळे मांडले होते.

मी नववीला मराठी शिकवतो. एक पोरगा धडा घडाघडा म्हणायचा. मी पान उलटले, तरी त्याचे म्हणणे चालूच. तो वाचत नव्हता, पाठ म्हणत होता. आठ वर्षे कुणी पान उलटून पाहिले नव्हते.

2009 च्या कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे बंद केले. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत ती वाट राज्यांना पुन्हा मोकळी केली. दोन्ही वेळा निकाल लागला तो पोराचा. घरी शिकवणी परवडते त्याला दोन्हीची झळ नाही. माझ्या त्या पोराला आठवीत बसवून ठेवले असते, तर त्याने तेच पुस्तक आणखी एकदा पाठ केले असते.