मांडवीकाठची मरिया

जालना जिल्ह्यातील आपली कुटुंबे गोव्यास जातात ती बहुधा संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनासाठी. बॉम जेझू बासिलिकेत गुडघे टेकले, समुद्रात पाय भिजवले, काजू घेतले की यात्रा पुरी झाली असे आपण मानतो. संतचरणी जाणे योग्यच आहे. परंतु ज्या मांडवीच्या काठी हा संत १५४२ साली उतरला, त्या काठाने आपल्यासाठी आणखीही काही राखून ठेवले आहे. यात्रेकरूंनी एक दिवस पणजीसाठी वेगळा काढावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

साथीच्या रोगांनी जुने गोवे ओस पडू लागले तसा राज्यकारभार नदीच्या मुखाकडे सरकला आणि १८४३ साली पणजी राजधानी झाली. आज या बंदरगावात कलावंतांची वर्दळ आहे. २०१६ पासून डिसेंबरात तेथे मोठा कलामहोत्सव भरू लागला. फोंतेन्हास या जुन्या वस्तीत, फुंदासाव ओरियेंत या संस्थेत, आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रे आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकविणाऱ्या या चित्रकाराने युरोपीय तैलरंगाची पद्धत पूर्ण आत्मसात केली होती. त्यांनी रंगविलेली घरची माणसे पाहताना हात किती तयार होता हे कळते. पण आमचे मन गुंतले ते दुसऱ्या एका गोमंतकीयाच्या चित्रांत.

आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) हे सांतो इस्तेव्ह बेटावरचे. शांतिनिकेतनात नंदलाल बोस आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या परंपरेत ते घडले. गोव्यात परतून त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसविली, तिला सावळा वर्ण दिला, आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली. अखेर ते पुण्यास आले. तेथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना आसरा मिळाला. हा आश्रम अँग्लिकन पंथीयांचा. कॅथलिक चित्रकाराची कॅथलिक मरिया परक्या छपराखाली वाढली! त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीने ही चित्रे पणजीपलीकडे पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राच्या हवाली केली.

या चित्रांत केवळ वेषांतर आहे काय? तसे असते तर ती लवकरच शिळी झाली असती. फोन्सेकांची मरिया साडीत सजलेली नाही, साडीत राहणारी आहे. जलरंगाचे पातळ थर एकावर एक चढत जातात आणि चेहऱ्यावरचा प्रकाश बाहेरून न पडता आतून उमलल्यासारखा वाटतो. पापण्या खाली झुकलेल्या, हालचाल संथ. शब्द देहधारी झाला, असे आपण दर नाताळात ऐकतो. त्या देहाला कोणत्या तरी मातीचा रंग असणारच, हे हा चित्रकार शांतपणे सांगतो.

खरे म्हणजे शब्दाने ही वाट फार पूर्वी चोखाळली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांतून प्रभूचे चरित्र मराठीत आले. ओवीने मरियेला आपलीशी केले. चित्राला मात्र त्यानंतर तीनशे वर्षे लागली, आणि तेव्हाही चित्रकाराला गाव सोडावे लागले. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात, ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही, असे स्पष्ट केले. फोन्सेका तोवर आयुष्याच्या उतरणीला लागले होते.

आता आपल्या धर्मग्रामांकडे वळू. आपल्याकडे नाताळचा गोठा कडब्याचा असतो आणि आत मूर्ती असतात प्लास्टरच्या, गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या. त्या मूर्तींची टिंगल आम्ही करणार नाही. त्यांच्यापुढे आपल्या आज्यांनी दुष्काळात रोझरी म्हटली आहे. मूर्ती परकी असली तरी त्या अश्रूंत परके काहीच नव्हते. परंतु शेतात राबून काळवंडलेल्या मुलीला देवाच्या आईच्या रूपात आपला रंग कधीच दिसला नाही, तर आपला रंग देवाला चालतो की नाही, ही शंका तिच्या मनात न बोलता घर करते. ती शंका दूर करणे हे धर्मशिक्षणाचेच काम आहे.

मात्र फोन्सेकांच्या चित्रांच्या प्रती आणून भिंतीवर लावल्याने ते होईल, असेही आम्हांस वाटत नाही. त्यांच्या मरियेभोवती आश्रमाची शांतता आहे. टँकरपुढे घागर घेऊन उभी असलेली, ऊसतोडीला जाताना लेकरू कडेवर घेणारी मरिया त्यांच्या चित्रांत आम्हांस आढळली नाही. हा त्यांच्या कलेचा दोष नव्हे. ती त्यांची सीमा आहे. त्यापुढची मरिया मराठवाड्यानेच रंगवावयाची आहे.

येत्या नाताळात धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना कागद आणि रंग द्यावेत, आणि छापील कार्ड समोर न ठेवता आपल्या गल्लीतील मरिया काढावयास सांगावे. चित्रे वेडीवाकडी येतील. तरीही ती गोठ्याजवळ मांडावीत.