द्वितीयेची भरती

आक्षीला जायचं तर मी आधी तिथी बघतो, मग लाँचची वेळ. कोकण किनाऱ्यावर भरतीचं गणित तोंडी चालतं: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता समुद्र भरतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वितीयेला दीड. मिनिटांचा हिशेब हवा असेल तर भरती-ओहोटीचं छापील कोष्टक आहेच, पण बेत ठरवायला ही पाऊणकी पुरते.

हिवाळ्यातली द्वितीया, शुद्ध असो की वद्य, ही आक्षीची खरी तिथी, असं माझं अनेक वर्षांचं मत आहे. अमावास्या-पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली असते, त्यामुळे उधाणाचा जोर टिकून असतो. सकाळी साडेसातच्या सुमारास पाणी पार लांब ओसरलेलं असतं आणि तिथून ते परत फिरतं. मुंबईहून सकाळच्या लाँचने निघालेला माणूस साडेनऊ-दहाला वाळूवर उभा असतो. पुढचे तीन-साडेतीन तास समुद्र पक्ष्यांना पुढे घालून त्याच्या दिशेने चालत येतो. माणसाने फक्त एका जागी बसायचं. अष्टमीच्या भांगाला पाणी फार आतही जात नाही आणि फार वरही येत नाही. पक्षी असतात, पण ही चाल नसते.

दिवसाची सुरुवात मात्र वाळूवर होत नाही, गेटवेच्या पायऱ्यांवर होते. लाँच सुटली की थोड्याच वेळात कुरव मागे लागतात. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद असते आणि तेव्हा हे पाहुणे कुरवही इथे नसतात. दोघांचा हंगाम एकच. वरच्या डेकवर मागच्या कठड्याशी उभं राहावं. कुरव तिथे चार-पाच हातांवर, डोळ्यांच्या पातळीवर येऊन तरंगतो. दुर्बीण पिशवीतच ठेवावी, पंखाचं टोक बघावं. काळ्या टोकात आरशाच्या तुकड्यासारखे पांढरे ठिपके आणि डोळा फिकट, तर तो तपकिरी डोक्याचा कुरव. पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पट्टी आणि डोळा गडद, तर काळ्या डोक्याचा. नावातलं डोकं हिवाळ्यात कुणाचंच दिसत नाही. कानामागे फक्त काजळाची तीट लावल्यासारखा एक ठिपका असतो. हिवाळा सरता सरता ती तीट पसरत जाते आणि बघता बघता अख्खं डोकं रंगतं. मार्चात याच लाँचवर उभं राहिलं तर अर्धी तीट आणि पुरी टोपी असे सगळे टप्पे एकाच थव्यात बघायला मिळतात. टोपी पुरी झालेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवांना लवकरच लडाख-तिबेटच्या सरोवरांकडे निघायचं असतं.

लोक गाठ्या आणि कुरकुरे उडवतात, मुलं टाळ्या पिटतात. त्या मुलांचा आनंद मला कळतो, पण तळलेलं-खारवलेलं खाणं पक्ष्याच्या पोटाला बरं नाही. शेजारी एखादं लहान मूल असलं तर मी त्याला ती तीट दाखवतो. बहुतेक वेळा पुडी बाजूला राहते.

मांडव्याच्या धक्क्यावर अलिबागची बस उभी असते. तिचे पैसे लाँचच्या तिकिटातच आलेले. वाटेत चोंढी लागतं, तिथून उजवीकडे किहीम. 1930 साली सालिम अलींनी या किहीममध्ये सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला. नर एकामागून एक घरटी विणत जातो आणि मादी पसंत पडेल त्या घरट्यात राहायला येते, हा सगळा संसार त्यांनी तिथे दिवसचे दिवस बसून टिपला. चोंढीला बस थांबली की मला दर वेळी त्या बैठकीची आठवण होते. पक्षी बघणं म्हणजे आधी बसणं, हे त्यांनी याच मातीत दाखवून दिलं.

अलिबागच्या स्टँडवरून रेवदंड्याची किंवा मुरुडची एसटी घ्यायची, मिनीडोरही मिळते. खाडीवरचा पूल ओलांडला की आक्षी. मराठीच्या अभ्यासकांना हे गाव इथल्या शिलालेखामुळे ठाऊक असतं. शके 934, म्हणजे इ.स. 1012, असा काळ त्यावर वाचला गेला आहे. थांब्यावर उतरून समुद्राकडे चालू लागलं की नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्या ओलसर सावल्या, विहिरीवरच्या पंपाचा आवाज, मग सुरूचं बन, आणि मग एकदम प्रकाश. हा चालण्याचा तुकडा चुकवू नये. वाडीच्या सावलीतून आलेल्या डोळ्यांना उघडी वाळू आधी नुसती पांढरी दिसते. सुरूच्या शेवटच्या झाडाला टेकून पाच मिनिटं उभं राहिलं की ती पांढरी वाळू हलायला लागते.

हलतो तो चिखल्या. पाठ ओल्या वाळूच्याच रंगाची, म्हणून थांबला की नाहीसा होतो. चार पावलं धावायचं, थबकायचं, मान तिरकी करायची, टोचायचं, पुन्हा धावायचं. ही सवय त्याच्या डोळ्यांमधून आली आहे. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे टपोरे. तो भक्ष्य नजरेने शोधतो, आणि धावता धावता वाळूतली बारीक हालचाल दिसत नाही, म्हणून थबकणं आलं. याच वाळूवर कोरलाचं बरोबर उलटं. त्याची बाकदार चोच त्याच्या डोक्याच्या कितीतरी पट लांब, आणि तिच्या टोकाशी स्पर्शाची जाण एकवटलेली. तो सावकाश चालत राहतो आणि चोच बिळात खोल घालून आतलं चाचपतो. एकदा एका कोरलाने माझ्यासमोर बिळातून खेकडा ओढून काढला, झटकून झटकून त्याचे पाय पाडले, शेजारच्या डबक्यापर्यंत चालत गेला, तो पाण्यात खळबळून घेतला आणि मग गिळला. एका घासासाठी एवढी निगुती मी माणसांतही क्वचितच पाहिली आहे.

पाण्याच्या अगदी कडेला सँडरलिंग. मूठभर, पांढरेशुभ्र, काळ्या पायांचे. लाट मागे फिरली की तिच्या पाठोपाठ खाली धावतात, उघड्या पडलेल्या वाळूत भराभर टोचतात, आणि पुढची लाट फुटली की तिच्या फेसाच्या एक वीत पुढे राहून वर पळतात. इतर बहुतेक किनारपक्ष्यांना मागचं छोटं बोट असतं, सँडरलिंगला ते नसतंच. पायाचा ठसा तीनच बोटांचा उमटतो. लाट आली की तोही जातो. हा पक्षी अंडी घालतो उत्तर ध्रुवाजवळच्या उघड्या माळांवर. तिथून इथवर आलेल्या जिवाला लाटांमधल्या त्या काही क्षणांत पोट भरायचं असतं, हे लक्षात आलं की त्या पळापळीकडे गंमत म्हणून बघवत नाही.

आणि कालवफोडे. काळा-पांढरा अंगरखा, लाल डोळा, गाजरी रंगाची लांब चोच. ही चोच दोन्ही बाजूंनी दाबलेली, सुरीच्या पात्यासारखी. शिंपल्याच्या फटीत ती शिरते, आतला स्नायू कापला जातो आणि शिंपला आपोआप उघडतो. आक्षीला त्यांचा छोटा थवा दिसला की माझी सकाळ भरून पावते.

साडेअकरा-बाराच्या पुढे वाळू अरुंद होऊ लागते आणि खरं सौंदर्य इथून सुरू होतं. सकाळी दोन-अडीच किलोमीटरवर विखुरलेले पक्षी आता पट्ट्यापट्ट्याने मागे सरकत एकमेकांजवळ येतात. ज्याचे पाय लांब तो पाण्यात जास्त वेळ टिकतो, ज्याचे आखूड तो आधी वर येतो. कुरव आणि सुरय वाऱ्याकडे तोंड करून कोरड्या वाळूवर बसतात, त्यांच्या पायाशी चिखल्या, कडेला कोरल. हे सगळं आपण काहीही न करता आपल्याजवळ येतं. उठून चार पावलं पुढे गेलं की मोडतं.

ते मोडणारं पुष्कळ आहे. मोकाट कुत्री आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी वाळूवर घातलेल्या चारचाकी आहेत. एका रविवारी मी मोजत बसलो होतो: भरतीच्या शेवटच्या तासात एकाच गाडीने तोच थवा सहा वेळा उडवला. पोरं वाळूत चाकं फिरवत होती. त्यांना पक्षी दिसलेसुद्धा नसावेत. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीसाठी अंगावर चरबी धरायची असते, आणि प्रत्येक उड्डाणात त्यातली थोडी जळते. गाडी सुरूच्या अलीकडे, गावात ठेवून चालत यायला दहा मिनिटं लागतात. एसटीने येणाऱ्याला ती दहा मिनिटं आपोआप मिळतात. माझा एसटीचा आग्रह पैशांसाठी नाही, यासाठी आहे.

दीडच्या सुमारास पाणी उभं राहतं. काही मिनिटं ते वरही येत नाही, खालीही जात नाही. थवा झोपलेला असतो, बहुतेक सगळे एका पायावर, चोची पाठीच्या पिसांत. कोरलाची एवढी लांब चोच त्या पिसांत कुठे मावते हे मी अजून बघत असतो. अशात एखादी चुकार लाट जरा वर येते आणि कडेच्या सँडरलिंगांच्या पायाला लागते. ते जागे होत नाहीत, की दुसरा पाय खाली टेकत नाहीत. त्याच एका पायावर टुणटुण उड्या मारत वीतभर वर सरकतात आणि तिथेच पुन्हा निश्चल होतात.

मग कधीतरी पहिला कालवफोडा डोळा उघडतो, दुमडलेला पाय खाली सोडतो, पंख ताणतो आणि ओल्या वाळूकडे चालू लागतो. पाणी उतरू लागल्याचं त्याला माझ्या आधी कळलेलं असतं.